घरातला स्ट्रीमिंग संच: काय घेतलंत, का बदललंत?

ॲम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला लागणारा सिग्नल बनवणारा भाग), वायफाय आणि बऱ्याचदा स्पीकरही एकाच पेटीत, असा संच आता कितीतरी घरांत दिसतो. पण तो घेताना किंवा बदलताना आपण वाचतो ती बहुतेक परदेशी परीक्षणं. त्यांत ना आपल्या खोल्या असतात, ना आपलं संगीत, ना आपला वीजपुरवठा. म्हणून हा धागा काढतेय. मॉडेल लिहाच, पण घरात कोण काय ऐकतं, खोली केवढी आहे आणि बदलावंसं नेमकं कशामुळे वाटलं, तेही जरूर लिहा.

सुरुवात मीच करते. पुणे, कोथरूड. आमच्याकडे स्पीकरसकट एक अखंड पेटी आहे. मी ख्याल ऐकते, मुलगा हिपहॉप. आवाजाबद्दल आजही काही तक्रार नाही. पण कंपनीने तिच्यासाठी अपडेट देणं थांबवलं आणि मग एकेक गोष्ट चालेनाशी झाली. आधी इंटरनेट रेडिओची यादी रिकामी यायला लागली, मग आम्ही वापरतो त्या संगीतसेवेचं लॉगिन होईना. स्पीकरचा कोन, चुंबक, लाकडी खोकं, सगळं धडधाकट आहे. जुना झालाय तो आतला संगणक.

त्यामुळे माझं मत पक्कं झालंय: पेटी घेताना पुढून जितकी ऐकाल तितकीच मागून बघा. बाहेरचं यंत्र जोडायला ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं) किंवा साधं ऑक्स इनपुट आहे का? लॅनची (राउटरपासून येणारी) केबल लावता येते का? इनपुट असेल तर बाहेरून दुसरा स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी घेणारी छोटी डबी) जोडता येतो. नसेल तर उत्तम वाजणारा स्पीकर ई-कचऱ्यात जातो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमचे अनुभव लिहा.

नाशिक

आमची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. वडिलांचा जुना स्टिरिओ ॲम्प आणि लाकडी स्पीकरची जोडी घरात होती. ती काढून एकच सुटसुटीत पेटी घ्यावी असा विचार होता. दुकानात बऱ्याच ऐकल्या. गाणाऱ्याचा गळा सगळ्यांवर छान, पण जुगलबंदी लावली की सतार आणि सरोद एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे वाटायचे. एका पेटीत डावा आणि उजवा स्पीकर जेमतेम फूट-दीड फुटावर असतात. सॉफ्टवेअरने आवाज कितीही पसरवला तरी सात फुटांवर ठेवलेल्या दोन खोक्यांची सर त्याला येत नाही.

शेवटी पेटी घेतलीच नाही. विम प्रो हा छोटा स्ट्रीमर घेतला, लाल-पांढऱ्या पिना जुन्या ॲम्पच्या ऑक्समध्ये घातल्या, झालं. त्यात एअरप्ले २ आहे, क्रोमकास्ट आहे (दोन्ही वायफायवरून गाणं लावायच्या सोयी), लॅनची जागा आहे. याच कंपनीचा मिनी आणखी स्वस्त होता, पण त्याला लॅन नाही आणि आमच्या दिवाणखान्यात वायफाय नीट पोचत नाही. ज्यांच्या माळ्यावर चालू स्थितीतला ॲम्प पडलाय त्यांनी तो आधी खाली काढावा, मग बाजारात जावं.

डोंबिवली

माझा मुद्दा खोलीचा. आमची खोली दहा बाय बारा, खाली फरशी, चारही बाजूंनी काँक्रीट. नवा संच टीव्हीशेजारी कोपऱ्यात ठेवला आणि तानपुरा सुरू झाला की सगळं एका भोंगळ गुंजनात बुडायला लागलं. बंदिशीचे शब्दसुद्धा कळेनात.

हिशोब मांडून पाहिला. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याच्या दुपटीने वेगाला भागलं की सुमारे ४७ हर्ट्झ येतात. दहा फुटांचे ५६. दोन्ही भिंतींच्या जोड्या मिळून आणखी एक घुमारा तयार होतो, तो ७३च्या आसपास. आता काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सूर, बघा: साधारण ६९ हर्ट्झ. म्हणजे खर्जाची तार छेडली की तिच्याबरोबर माझी खोलीही वाजत होती! त्यात कोपरा. कोपऱ्यात हे सगळे घुमारे सर्वांत जोरात उठतात.

उपाय क्रमाने सांगतो. संच कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या एक तृतीयांशावर आणला आणि भिंतीपासून दीड फूट पुढे घेतला. अर्ध्याहून जास्त फरक इथेच पडला, पैसा न खर्चता. फरशीवर जाड सतरंजी टाकली. तिने खर्जाला काही होत नाही, पण टाळ्या आणि झांजांचा कर्कशपणा गेला. उरलेला घुमारा रूम करेक्शनने काढला. ॲप स्पीकरमधून सूं-सूं आवाज सोडतं, फोनच्या माईकने ऐकतं आणि जिथे फुगवटा आहे तिथे तेवढाच आवाज कापतं. मात्र खोलीत एखादा सूर ऐकूच येत नसेल, तर तो या सोयीने परत येत नाही. तिथे बसायची जागा बदलावी लागते.

नवा संच घेणाऱ्यांना माझं सांगणं: दोन मॉडेलांत अडकला असाल तर ज्यात रूम करेक्शन आहे ते घ्या. आपल्या छोट्या खोल्यांत त्याचा उपयोग वॅटच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

सांगली

आमच्या घरात खरा ऑल-इन-वन आला तो कारवां. सारेगामाने २०१७ मध्ये काढला तो, पाच हजार गाणी आतच भरलेली, इंटरनेट नको, ॲप नको. आजी गोल बटण फिरवते आणि गाणं लागतं. आवाजाच्या तज्ज्ञांनी काहीही म्हणावं, आमच्या घरात सर्वांत जास्त तास वाजलेलं यंत्र तेच.

मोठ्या खोलीसाठी वायफायचा संच घ्यायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: आजीला तो फोनशिवाय लावता आला पाहिजे. बहुतेक सगळे इथेच बाद झाले. काचेसारखा गुळगुळीत माथा, स्पर्शाची खूण दिसायलाही दिवा लागतो, बोटं थरथरणाऱ्या माणसाने काय करायचं? शेवटी वर दाबायची बटणं आणि प्रीसेट असलेला निवडला. पहिल्या बटणावर विविध भारती, दुसऱ्यावर अभंगांची आम्ही बनवलेली यादी, तिसऱ्यावर नाट्यगीतं. बटणांवर ठिपक्यांचे स्टिकर लावले: एक, दोन, तीन.

एक लक्षात ठेवा, रेडिओच्या स्ट्रीमचा पत्ता मधूनमधून बदलतो आणि प्रीसेट मुका होतो. तो पुन्हा भरायचं काम घरात कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे.

बंगळुरू

ब्लूटूथवर समाधान मानणाऱ्यांसाठी दोन ओळी. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून जातं. फोन आला की मैफल थांबते, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलात की तुटते. वायफायवर कास्ट किंवा कनेक्ट केलं की संच गाणं थेट इंटरनेटवरून घेतो आणि फोन नुसता रिमोट राहतो. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिट असतो. ब्लूटूथची आवाज पाठवायची सर्वसाधारण पद्धत, एसबीसी, साधारण ३२८पर्यंत जाते, तीही आवाज दाबून. वायफायला १४११ म्हणजे काहीच नाही. फक्त ब्लूटूथ असलेला महागडा स्पीकर मी आता कुणालाच सुचवत नाही.

न्यू जर्सीहून परत, सध्या पुणे

तिकडून संच आणणाऱ्यांनी सामान बांधण्याआधी मागचं लेबल वाचा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर नुसती पिन बदलून चालतं. 'फक्त १२०' असेल तर इथल्या २३० व्होल्टला थेट लावायचा नाही. माझ्या दोन संचांपैकी छोटा लगेच सुरू झाला. मोठ्यासाठी वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला आणि तो रात्रीच्या शांततेत गुणगुणतो, म्हणून दुसऱ्या खोलीत ठेवलाय.

शिवाय तिकडच्या सगळ्या संगीतसेवा इकडे नाहीत. आमची कोबझची सवय मोडावी लागली. संचाच्या खोक्यावर वीस सेवांची चिन्हं असतात. त्यांतल्या आपल्याकडे चालणाऱ्या आणि तुम्ही पैसे भरत असलेल्या किती, तेवढंच बघा.

म्हापसा

आमचं वेगळंच. पावसात विजा. संचाचा प्लग काढून ठेवला तरी राउटरपासून आलेली लॅनची केबल तशीच राहते आणि विजेची लाट तिच्यातूनही येते. शेजाऱ्यांच्या संचाचं नेटवर्क असंच गेलं. फायबरची तार स्वतः वीज वाहून नेत नाही, पण राउटरपासून पुढची तांब्याची केबल नेते. जूनपासून आम्ही लॅन काढतो आणि वायफायवर ऐकतो. दमट हवेचं म्हणाल, तर रोज तासभर वाजवलेला संच कपाटात झाकून ठेवलेल्यापेक्षा चांगला राहतो.

छत्रपती संभाजीनगर

माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या सीडींचा साठा आहे. त्यातलं बरंचसं कुठल्याच सेवेवर मिळत नाही किंवा भलत्याच नावाने मिळतं. म्हणून सगळ्या सीडी फ्लॅक या फाइलप्रकारात उतरवल्या. फ्लॅकमध्ये माहिती गळत नाही आणि एक सीडी साधारण साडेतीनशे-चारशे एमबीत बसते. त्या हिशोबाने एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजार सीडी मावतात. एवढ्या कुणाकडे असतात?

संच निवडताना माझ्या दोन कसोट्या होत्या. पहिली, घरच्या नॅसवरचं (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरचं) संगीत तो ॲपमधून नीट वाचतो का. दुसरी, गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं. विलंबित आणि द्रुत सीडीवर बहुतेक वेळा वेगळे ट्रॅक असतात, पण गाणं एकच असतं. विलंबित संपून तबला द्रुत एकताल धरतो, नेमक्या त्या जागी अर्ध्या सेकंदाची शांतता पडली तर सम हातातून निसटते. दुकानात मी पेनड्राइव्हवर असाच जोड घेऊन गेलो होतो. एका महागड्या संचाने तो तोडला, निम्म्या किमतीच्या मॅरँट्झ एम-सीआर६१२ने सलग वाजवला. तोच घेतला. त्याला सीडीही आहे आणि स्पीकर आपल्या पसंतीचे लावता येतात.

टॅगचं, म्हणजे प्रत्येक फाइलला माहिती जोडायचं, काम मात्र कष्टाचं. ॲपला 'आर्टिस्ट' आणि 'अल्बम' कळतो, राग कळत नाही. मी शीर्षकात आधी राग, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द लिहितो. 'जॉनर'च्या रकान्यात प्रहर भरलाय. सकाळी 'प्रात:काल' दाबलं की भैरव, तोडी, ललत समोर येतात. सगळ्या नोंदी एकाच लिपीत आणि एकाच पद्धतीने करा. 'ललत', 'ललित' आणि रोमनमधली तीन स्पेलिंगं झाली की ॲप पाच वेगळे राग समजतं.

ठाणे

आमच्याकडे बदलाचं कारण टीव्ही. संगीताचा संच वेगळा, साउंडबार वेगळा, रिमोट चार. नवा संच एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज संचाकडे आणणारी जोडणी) असलेला घेतला. टीव्हीला एक केबल, टीव्ही लावला की संच आपोआप चालू, आवाज टीव्हीच्याच रिमोटने. सासूबाई मालिका लावतात आणि त्यांना संच वेगळा आहे हे जाणवतही नाही. केबल मात्र टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या जागेतच लावा. दुसऱ्या जागेत टीव्हीचा आवाज संचाकडे जात नाही.

कोथरूड, पुन्हा

सगळ्यांचं वाचलं, काही गोष्टी घरी करूनही पाहिल्या. डोंबिवलीकरांचं ऐकून पेटी कोपऱ्यातून काढली. मारवा रागाच्या एका जुन्या ध्वनिमुद्रणात तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) आता वेगळी ऐकू येते. आधी खर्ज तिला झाकत होता.

निर्णय असा झालाय: पेटी ठेवायची आणि तिच्या ऑप्टिकल इनपुटला वेगळा स्ट्रीमर लावायचा, रूम करेक्शन असलेला. तो सात-आठ वर्षांनी जुना झाला तर तेवढाच बदलता येईल. गॅपलेसची चाचणी संभाजीनगरच्या पद्धतीने करणार आहे, पेनड्राइव्ह तयार आहे.

एक प्रश्न उरलाय. स्वयंपाकघरात दुसरा छोटा स्पीकर ठेवून दोन्हीकडे एकच गाणं लावायचं आहे. पेटी आता ऑप्टिकलवरून वाजणार, म्हणजे तिच्या आवाजाला किंचित उशीर होणार. मधल्या दारात उभं राहिलं की दोन्ही आवाज मागेपुढे ऐकू येतील. स्ट्रीमरच्या सेटिंगमध्ये हा उशीर हाताने भरून काढता येतो का? कुणी केलं असेल तर कुठल्या संचावर, ते सांगा.