अनुभव धागा (ऑगस्ट २०२५): नव्या सीझनची घटमांडणी. गावातून फुटबॉल पाहणाऱ्यांनो, आपापलं भाकीत मांडा

धागाकर्ता, दिग्रसजवळचं गाव (आर्सेनल)

१५ ऑगस्टच्या रात्री साडेबाराला लिव्हरपूल-बोर्नमथ मॅचनं इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२५-२६ चा सीझन सुरू होतोय. सोयाबीन फुलावर आहे, निंदण आटोपत आलंय, पोळ्याला वेळ आहे. भाकितं करायला याहून मोकळे दिवस वर्षात मिळत नाहीत.

विदर्भात भाकीत म्हटलं की भेंडवळ. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडायचा, रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही, पहाटे कोणतं धान्य कुठं सरकलं ते पाहून पाऊस, पीक, राजा सगळं सांगायचं. आपणही तेच करतो, फक्त धान्याच्या जागी ट्रान्सफरच्या, म्हणजे कोणता खेळाडू कोणत्या क्लबात गेला त्या, बातम्या मांडतो.

लिहिताना क्लब कोणता, तो कसा चिकटला, मॅच कुठं बसून पाहता आणि यंदा कितवा नंबर हे कारणासकट सांगा. कारण नसलेलं भाकीत पानठेल्यावर खपतं, इथं नाही. आयपीएलवाल्यांनी वाचावं, लिहू नये.

सुरुवात मी करतो. २००३-०४ मध्ये आर्सेनल ३८ च्या ३८ मॅच न हरता चॅम्पियन झालं, त्यानंतर लीग आमच्याकडे आलेली नाही. गेली तीन वर्षं सलग दुसरा नंबर: ८४ पॉइंट, ८९ पॉइंट, ७४ पॉइंट. गावातल्या पोरांनी मला 'उपसरपंच' म्हणायला सुरुवात केली ती यामुळे. ग्रामपंचायतीशी माझा काही संबंध नाही.

माझं कारण ऐका. मागच्या सीझनमध्ये आम्ही फक्त ४ मॅच हरलो. चॅम्पियन लिव्हरपूलही ४ च हरलं. फरक बरोबरीचा आहे: त्यांच्या ९, आमच्या १४. हावेर्ट्झ जखमी झाल्यावर मिडफिल्डातल्या मेरिनोला पुढं खेळवावं लागलं. त्याच हावेर्ट्झचे लीगमधले ९ गोल टीममध्ये सगळ्यात जास्त ठरले, यावरून समजा. आता ग्योकेरेश आलाय. पोर्तुगालच्या लीगमध्ये त्यानं एका सीझनमध्ये ३९ गोल मारले. पोर्तुगाल म्हणजे इंग्लंड नव्हे, मान्य. अर्धे मारले तरी त्या १४ पैकी पाच-सहा मॅच निघतात. पहिलीच मॅच १७ तारखेला रात्री ९ ला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आहे. तिथं जिंकलो तर यंदा सरपंच.

ओलीतवाला, राळेगाव (मँचेस्टर युनायटेड)

हसा लेकहो, हसून घ्या. पंधरावा नंबर, ४२ पॉइंट, अन् वरून युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून १-०. टॉटनहॅम लीगमध्ये सतरावं होतं. सतराव्यानं पंधराव्याले हरवून कप नेला, असं तं आमच्या तालुक्याच्या कबड्डीतही होत नाही.

पण मी तुम्हाले १७ एप्रिलची रात्र सांगतो, त्याच युरोपा लीगमधल्या फ्रान्सच्या लिऑनसंगच्या मॅचची. आमच्याकडे शेतीची लाईन पाळीपाळीनं येते, एक आठवडा दिवसा तं एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. उन्हाळी भुईमुगाले पाणी चालू, हातात फावडं, अन् मोबाईल धुऱ्यावरच्या बाभळीच्या बेचक्यात अडकवलेला. आधी २-० पुढं होतो, ते २-२ झालं. एक्स्ट्रा टाइममध्ये २-४. मी म्हटलं जाऊ दे, दांड वळवाले गेलो. मंग ११४ व्या मिनिटाले ब्रुनोची पेनल्टी. १२० व्याले आमच्या मेनूचा गोल. अन् लगेच पुढच्या मिनिटाले मॅग्वायरचं डोकं! ५-४!

मी असा बोंबललो का पलीकडच्या वावरातले काका बॅटरी अन् कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर हजर. "कुठी हाय वाघ?" २०१८ मधले टी-१ वाघिणीचे दिवस आमच्या भागात कोणी इसरलं नाही, त्याच्यानं माणसाचा दोष नाही. मी म्हटलं, "काका, वाघ नाही, मॅग्वायर." तं म्हणे, "कोन्या गावचा?"

भाकीत: सहावा नंबर. यंदा युरोपात खेळणंच नाही, म्हणजे आठवड्यात एकच मॅच, पाय ताजे. मागच्या वर्षी लीगमध्ये अख्ख्या टीमचे मिळून ४४ गोल होते. आता कुन्या आलाय, त्यानं वुल्व्ससाठी १५ मारले. एम्बुमोनं ब्रेंटफर्डसाठी २०. नुसती बेरीज करा ना राजेहो. गोलकीपर तोच राह्यला तं मात्र सातवा.

डवऱ्यावर आहे, हिंगणघाट (चेल्सी)

क्लब वर्ल्ड कप, १३ जुलै, पॅरिसच्या पीएसजीले ३-० हाणलं. पामरचे दोन. युरोपच्या चॅम्पियनले हाणलं म्हंतो मी. तिसरा नंबर. बाकी संध्याकाळी लिहितो, बैल उभे हायेत.

(संध्याकाळी लिहिलं नाही. – धागाकर्ता)

बगीचेवाला, वरुड (लिव्हरपूल)

मी जुना माणूस आहे. २००५ ला नागपूरच्या होस्टेलमध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेची, इस्तंबूलची फायनल पाहिली. हाफटाइमला मिलान ३-० पुढं होतं, तेव्हा खोलीतले सगळे झोपायला गेले. मला झोप येईना म्हणून बसून राहिलो. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: ३-३ केलं आणि पेनल्टीवर कप आमचा. सकाळी मेसमध्ये कोणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, पेपर आल्यावर ठेवला.

मागच्या सीझनला २७ एप्रिलला टॉटनहॅमला ५-१ हरवून विसावं विजेतेपद घेतलं. यंदा सगळे म्हणतात पुन्हा आमचंच, कारण विर्ट्झ आला, एकिटिके आला, फ्रिम्पाँग, केरकेज आले. मला तसं वाटत नाही. ट्रेंट माद्रिदला गेला, डियाझ बायर्नला गेला. चॅम्पियन टीममध्ये एका उन्हाळ्यात एवढी माणसं बदलली की दिवाळीपर्यंत कोण कुणाला पास देतोय हे त्यांनाच कळणार नाही. दुसरं, २१ डिसेंबरपासून मोरोक्कोत आफ्रिका कप आहे, सालाह इजिप्तकडून जाणार. मागच्या सीझनला लीगमध्ये २९ गोल आणि १८ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) एका माणसाचे होते. तो नेमका नाताळ-नवीन वर्षाच्या गर्दीत नसेल. इंग्लंडात तेव्हा दर तीन-चार दिवसांनी मॅच असते.

आणि जोटा. आमचा हा खेळाडू कार अपघातात गेल्याची ३ जुलैची बातमी मी बागेत फवारणीचं पाणी मोजताना फोनवर पाहिली. २० नंबरची जर्सी आता क्लबमध्ये कोणीच घालणार नाही. टीम या दुःखातून कशी खेळेल याचं भाकीत मी करणार नाही, कोणी करूही नये.

नंबर विचाराल तर दुसरा. उपसरपंचपद यंदा आमच्याकडे द्या.

मुलाची आई, पुसद तालुका (मँचेस्टर सिटी)

माझा क्लब म्हणजे मुलाचा क्लब. तो पुण्याला नोकरीला आहे. फोन केला की "जेवलास का" याला "हो" आणि "कधी येतोस" याला "पाहू", दोन वाक्यांत बोलणं संपायचं. मग मी एकदा मॅच पाहून फोन केला. पाऊण तास बोलला. तेव्हापासून शनिवारी स्वयंपाक साडेसातच्या आत उरकते. ह्यांना वाटतं मला वेड लागलंय.

हालांड मला पहिल्यापासून ओळखू येतो, केस बांधलेला उंच पोरगा. डी ब्रुइना गेला त्याचं मात्र वाईट वाटलं. नापोलीला गेला म्हणे. दहा वर्षं घरात राहिलेलं माणूस गेल्यावर घर कसं दिसतं ते मी सांगायला नको.

सलग चार वर्षं जिंकून मागच्या वर्षी सिटी तिसरी आली, कारण रोद्रीचा गुडघा. आता तो परत आलाय म्हणून मुलगा म्हणतो पहिला नंबर. मी म्हटलं, बाळा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्या वर्षी जड कामाला जुंपत नाहीत. तुझ्या बाबांचं पाहिलं ना? पाऊस लागला की अजून धरून बसतात. म्हणून माझं भाकीत तिसरा, फार तर दुसरा. मुलगा दोन दिवस रुसला होता.

गुरुजी, धारणी तालुका (बार्सिलोना, म्हणजे सातवीचा वर्ग)

२०१७ ला भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप होता, त्याच्या आधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला. त्या निमित्तानं शाळांना चेंडू मिळाले. आमच्या मेळघाटातल्या शाळेत तेव्हा जी पोरं होती त्यांनी तो चेंडू इतका खेळला की वरचं कातडं निघून आतली जाळी दिसायची. पंक्चरवाल्याकडून ब्लॅडर दुरुस्त करून पुन्हा खेळले. ती पोरं आता कॉलेजात आहेत, काही कामाला बाहेरगावी आहेत, आणि त्यांची धाकटी भावंडं आज माझ्या वर्गात आहेत. खेळाची आवड घरातूनच आली.

रेंजचा प्रश्न असल्यामुळे लाइव्ह मॅच कोणी पाहत नाही. सोमवारी मी तालुक्याहून येताना हायलाइट्स डाउनलोड करून आणतो, मधल्या सुट्टीत पंधरा-वीस डोकी एका मोबाईलवर. स्कोअर आधी फोडायचा नाही हा वर्गाचा नियम आहे, आणि तो शुद्धलेखनापेक्षा कडक पाळला जातो.

बार्सिलोना का, तर यमाल. बाकीचे खेळाडू पोरांना काकांसारखे वाटतात, हा मोठ्या भावासारखा. १३ जुलैला अठरा वर्षांचा झाला आणि १० नंबरची जर्सी मिळाली, त्यावर वर्गात टाळ्या वाजल्या. भाकीत लिहून आणा म्हटलं तर मराठीच्या वहीची पानं फाडून आणली. बहुतेकांचं मत: स्पेनची लीग पुन्हा आपली. मागच्या सीझनला माद्रिदशी चार मॅच झाल्या, चारही जिंकल्या, हे प्रत्येकाला पाठ आहे. पाढे असे पाठ असते तर!

एकीचं पान वेगळं होतं. तिनं लिहिलं, "चॅम्पियन्स लीग नाही जिंकणार. पुढे खूप जण जातात, मागे कोणी राहत नाही." मागच्या सीझनला इंटरशी सेमीफायनल ३-३ आणि मग ४-३ अशी हातातून गेली, तिचं सार हिनं दोन वाक्यांत सांगितलं. ती स्वतः वर्गाच्या टीममध्ये मागं खेळते, म्हणून रागही असेल.

धागाकर्ता

गुरुजी, त्या मुलीचं पान जपून ठेवा. चॅम्पियन्स लीगच्या फायनलनंतर उघडू.

सिस्टर, चामोर्शी तालुका (ईस्ट बंगाल)

इथं सगळे इंग्लंड-स्पेनवाले दिसताहेत, म्हणून लिहिते. माझी ड्युटी ज्या भागात आहे तिथं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथली म्हातारी माणसं बी.पी. तपासताना हात पुढे करतात आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल-मोहन बागान डर्बीचं बोलतात. ऐकून ऐकून मीही लाल-सोनेरी, म्हणजे ईस्ट बंगालची झाले. जिंकलं की हिल्सा मासा करायचा अशी त्यांची रीत. गडचिरोलीत हिल्सा कुठला? मग तलावातला रोहू आणतात आणि मोहरी वाटून त्याच थाटात करतात. जानेवारी २०२४ ला सुपर कपची फायनल ओडिशाविरुद्ध ३-२ नं जिंकली, त्या वेळी माझ्या डब्यातही आला होता. काटे फार, पण चव विसरत नाही.

आणि भाकीत काय करू? आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीगच थांबली आहे. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार डिसेंबरमध्ये संपतोय, पुढचं ठरेना, म्हणून जुलैमध्येच सीझन स्थगित केला. तुम्ही कितवा नंबर यावर भांडताय, आमचा प्रश्न मैदानात उतरणार का हा आहे. मागच्या वर्षी नववे आलो, आणि मोहन बागाननं शील्ड आणि कप दोन्ही नेले. एका आजोबांना मी म्हटलं, लीग होणार नाही बहुतेक. ते म्हणाले, "बरं झालं, यंदा बागान जिंकणार नाही."

सध्या ड्युरँड कप चालू आहे. त्यात बागानला हरवू एवढंच माझं भाकीत. रोहूचं सांगून ठेवलंय.

खरी मांडणी करणारा, जळगाव जामोद (कोणताच क्लब नाही, सगळेच)

तुम्ही नुसतं घट घट म्हणता, आम्ही मांडला. भेंडवळ आमच्या तालुक्यातच, हक्क आमचा.

गच्चीवर खडूनं गोल काढला, २० क्लबांसाठी २० धान्यं. मूळ मांडणीत धान्यं अठराच, म्हणून फुटाणे आणि मुरमुरे घेतले. लिव्हरपूलला गहू, सिटीला सरकी, आर्सेनलला तूर, युनायटेडला करडी, कारण टोचते. खालच्या लीगमधून यंदा वर चढून आलेल्या तिघांना, म्हणजे लीड्स, बर्नली, संडरलँडला, अंबाडी, मुरमुरे आणि जवस. आज्यानं पाहिलं आणि जिन्यातच थांबला. "अक्षय तृतीया कवाची गेली. श्रावणात घट मांडून राह्यले, देवाची थट्टा लावली का?" आम्ही म्हटलं, आबा, हा इंग्रजाचा घट आहे, त्यांचं वर्ष ऑगस्टात लागते. त्यावर काही न बोलता खाली गेला, आणि थोड्या वेळानं वर येऊन विचारलं, "राजा कोण हाय यात?"

पहाटेचा निकाल: गहू विस्कटलेला, अर्धा बाहेर. तूर जागची हलली नाही. करडीला मुंग्या लागल्या होत्या, याचा अर्थ धनलाभ की नाश यावर दोन गट आहेत. मुरमुरे वाऱ्यानं पार शेजारच्या छपरावर, म्हणजे बर्नली खाली. जवस मात्र गोलाच्या आत घट्ट. गेली दोन वर्षं वर आलेले तिन्ही क्लब तसेच खाली गेले, तरी आम्ही लिहून देतो की संडरलँड टिकेल. कारण विचारलं तर जवस.

धागाकर्ता

जवस हे कारण धरायचं की नाही यावर विचार करतो. तुरीचा निकाल मात्र मान्य.

सगळी भाकितं वहीत उतरवली आहेत. इंग्लंडची ट्रान्सफर खिडकी १ सप्टेंबरला बंद होते, तोवर प्रत्येकाला एकदा बदल करता येईल. नंतर कोणी गयावया केली तरी खाडाखोड नाही.

ओलीतवाला, राळेगाव

भाऊ, माझा बदल घ्या. गोल मारणारा शेश्को आमच्याकडे आला! सहावा खोडा, चौथा करा.

धागाकर्ता

केला. तुमचा एक बदल संपला. गोलकीपर बदलला तरी आता चौथाच.

ओलीतवाला, राळेगाव

थांबा ना बाप्पा, मंग आत्ता नका करू.