राहायला जिओडेसिक घुमट : खरंच स्वस्त पडतो का?

त्रिज्या:
कमी खर्चात, स्वतःच्या हातांनी घर उभारायचं असेल तर जिओडेसिक घुमटासारखा, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीतून उभ्या केलेल्या गोलाकार छतासारखा पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन संरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना १९५४ मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्रिकोण दाबाखाली आकार सोडत नाही, म्हणून बारीक दांड्यांवर मोठं छत तोलता येतं. साध्या २व्ही अर्धगोलाला (२व्ही म्हणजे मूळ मोठ्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू दोन भागांत विभागलेली) ६५ दांडे पुरतात आणि मापं दोनच. शिवाय १०० चौ. मी. जमिनीवरच्या घुमटाचा पृष्ठभाग २०० चौ. मी. भरतो, तेवढ्याच जमिनीवरच्या, तेवढ्याच घनफळाच्या चौरस खोलीचा २५०. उष्णता निसटायला जागाच कमी!

रंधा:
असहमत. तुमची ती चौरस खोली पावणेचार मीटर उंच आहे. राहत्या घराला एवढी उंची कोण देतं? २.७ मीटर धरा: भिंती १०८, छत १००, एकूण २०८. वाचले फक्त ८ चौ. मी. उलट घुमटात ३७६ घनमीटर हवा गरम करायची, खोलीत २७०. कडेच्या पट्ट्यात ताठ उभंही राहता येत नाही, ती जागा वाया जाते ते वेगळंच.

त्रिज्या:
उंची वाया का घालवायची? अडीच मीटरवर पोटमाळा टाका, उभं राहण्याजोगी आणखी साधारण ४० चौ. मी. जागा मिळते. बाहेरचा पृष्ठभाग तेवढाच राहतो.

रंधा:
पोटमाळ्याचा मुद्दा मान्य. पण आतल्या भिंतींचं काय? प्रत्येक भिंतीची कड वक्राला जुळवून कापायची, कपाटं भिंतीला टेकत नाहीत, आणि एका कोपऱ्यातलं बोलणं दुसरीकडे स्पष्ट ऐकू येतं. हे माणसांनी रोज सोसायचं आहे.

पागोळी:
तुम्ही दोघं गळतीबद्दल बोलतच नाही! त्या २व्ही घुमटाचे ४० त्रिकोण म्हणजे सगळीकडे सांधे, आणि माथ्याकडचे तर जवळजवळ आडवे. उन्हाने पत्रा किंवा प्लायवूड प्रसरण पावतं, रात्री आकसतं, सांधे बुजवणारं सिलिकॉन सुटत जातं. १९७०च्या सुमारास लोकांना घुमट बांधायला शिकवणारे लॉइड कान पुढे स्वतःच त्यापासून दूर झाले, त्याच्या कारणांत गळतीही होती. १९६७च्या जागतिक प्रदर्शनासाठी कॅनडात माँट्रियलला उभारलेला घुमट बघा. १९७६च्या आगीत त्याचं अ‍ॅक्रिलिकचं आवरण जळून गेलं, पोलादी सांगाडा मात्र आजही उभा आहे. सांगाड्याबद्दल माझी तक्रार नाहीच. पण राहणाऱ्याला ऊन-पावसापासून वाचवतं ते आवरण, आणि खर्च तिथेच होतो. दांड्यांचा हिशेब मांडून घर स्वस्त ठरवू नका, कळकळीने सांगते.

त्रिज्या:
मग फेरोसिमेंटचं, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवलेलं अखंड कवच द्या. सांधेच उरणार नाहीत.

पागोळी:
अखंड कवचच करायचं तर त्रिकोण हवेत कशाला? फुगवलेल्या साच्यावरही ते होतं. शिवाय सिमेंट उष्णता सहज जाऊ देतं, उष्णतारोधक थर द्यावाच लागेल. तो, दारं-खिडक्यांच्या चौकटी आणि पोटमाळ्याचा जिना धरून अंदाजपत्रक टाका, मग पुढे बोलू.