चॉकलेट सिस्ट: लगेच लॅप्रोस्कोपी करावी की गोळ्यांवर थांबावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय 28, लग्न ठरलंय, राहायला डोंबिवलीत, नोकरी परळला. पाळीत तिचं पोट इतकं दुखतं की लोकलमध्ये उभं राहवत नाही. मधल्याच कुठल्या तरी स्टेशनवर उतरून बाकावर पोट आवळून बसते. घरात सगळ्यांचं एकच, "पाळीत दुखायचंच." शेवटी मीच तिला सोनोग्राफीला नेलं.

डाव्या अंडाशयात 4.5 सेंमीची गाठ निघाली, एन्डोमेट्रिओमा (म्हणजेच चॉकलेट सिस्ट, जुनं रक्त साठलेली गाठ) असावा असं रिपोर्टमध्ये आहे. सीए-125 ही रक्ततपासणी केली, ती आलीय 68. नॉर्मल 35 पर्यंत, त्यामुळे आईने कॅन्सरचाच धसका घेतलाय. एन्डोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार, ही गाठ त्यातलीच) हा आकडा वाढतो, नुसती पाळी चालू असली तरी वाढू शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तरी आईचं जेवणात लक्ष नाही.

आता एक डॉक्टर म्हणतात, लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) करून गाठ काढून टाका. दुसऱ्या म्हणतात, डायनोजेस्ट या हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करू, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. साधी पाण्याची गाठ असती तर दोन-तीन पाळ्यांत बहुधा आपली आपण गेली असती. ही तशी जात नाही. पण ती सोलून काढताना लगतचा चांगला भागही निघतो आणि स्त्रीबीजांचा साठा कमी होऊ शकतो. म्हणून ऑपरेशनचं काहीही ठरवण्याआधी एएमएच (हा साठा किती आहे याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासायचंच, यावर मी ठाम आहे. मध्येच अचानक जोराची कळ येऊन उलट्या झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं, हेही तिला बजावून ठेवलंय.

डायनोजेस्ट घेतलेल्यांनी सांगा, दुखणं खरंच कमी झालं का? मधूनमधून रक्त जाण्याचा त्रास किती दिवस राहिला? ऑपरेशन झालेल्यांचं एएमएच नंतर किती उतरलं, गाठ परत आली का?

अजून एक. होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगायचं असं बहीण म्हणते, आई म्हणते लग्न होईपर्यंत गप्प राहा. मी बहिणीच्या बाजूने आहे, पण आईला कसं पटवू? कुणाच्या घरी असं झालं असेल तर जरूर लिहा.

"एक मूल झालं की आपोआप बरं होतं" हे मात्र कृपया नको, ते ऐकून ती फार खचते. ठाणे-मुंबईत एन्डोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियांचा चांगला अनुभव असलेल्या डॉक्टरांची नावं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवलीत तरी चालेल.