निवृत्तीनंतर नॅशनल ट्रस्टच्या घरात स्वयंसेवा: सल्ला हवा आहे (केडलस्टन हॉल, डर्बी)

मोगरा:
नमस्कार मंडळी. यंदा निवृत्त झाले. सगळी नोकरी रुग्णालयाच्या लॅबमध्ये गेली. राहायला डर्बीत. जवळच केडलस्टन हॉल आहे, नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था ते सांभाळते. तिथे स्वयंसेवक हवेत असं कळलं. आठवड्यातून एक दिवस सहज देता येईल. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझे गुडघे दुखतात, तर कुठलं काम मागावं? आणि दुसरं म्हणजे ते घर लॉर्ड कर्झनचं. बंगालची फाळणी करणारा तोच. त्याच्या दिवाणखान्यात उभं राहून लोकांना माहिती द्यायची, हे मनाला पटेल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.

पांथस्थ:
मोगराताई, जरूर जा. मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या, म्हणजे मिडलंड्समधल्याच दुसऱ्या एका घरात बरीच वर्षं रूम गाइड आहे. कामाचं स्वरूप सांगतो म्हणजे निवड सोपी होईल.

रूम गाइडला एक खोली नेमून देतात, तिथे येणाऱ्यांना माहिती द्यायची. बसायला खुर्ची मिळते, पण गर्दीच्या दिवशी टेकायला वेळ होत नाही. जुन्या खुर्च्यांवर बसू नका अशी पाटी न लावता त्यावर काटेरी सुकलेलं बोंड किंवा पाइनचं फळ ठेवतात, माणसं आपोआप लांब राहतात. इतिहास पाठ असावा लागत नाही, टिपणांची फाइल खोलीतच असते. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "इतका अंधार का?" रेशीम आणि जुन्या कापडाचा रंग उजेडाने उडतो आणि एकदा गेलेला परत येत नाही, म्हणून पडदे अर्धे ओढून उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात. हे नीट समजावलं की तक्रार करणारा माणूसच पुढच्याला सांगायला लागतो.

पण तुम्ही लॅबमधल्या, म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. तुम्ही जतनाचं काम मागा. कपाटांखाली, गालिच्यांच्या कडेला चिकट सापळे ठेवलेले असतात. ठरावीक काळाने ते उचलायचे, भिंगाखाली बघायचं, कापड खाणारे पतंग किती, गालिच्यातली कीड किती, सिल्व्हरफिश नावाची चंदेरी कीड किती, आणि तक्त्यात भरायचं. आकडा वाढला की कुठल्या खोलीत दमट हवा शिरते आहे ते कळतं. बसून करायचं काम, नजर हवी आणि नोंदीची शिस्त हवी. ती तुमच्याकडे आहेच. शिवाय हिवाळ्यातली मोठी साफसफाई असते. पुस्तक एकेक करून बाहेर काढायचं, मिटलेलं घट्ट धरून मऊ केसांच्या ब्रशने वरची धूळ कण्याकडून बाहेर झटकायची. ब्रशशेजारी व्हॅक्यूमची नळी, तिच्या तोंडावर जाळी, म्हणजे सुटा तुकडा आत जात नाही. मला स्वतःला खोलीपेक्षा हेच काम जास्त आवडतं.

प्रवासखर्च मिळतो, अर्ज करतानाच विचारून घ्या.

चाफेकळी:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण केडलस्टनला मी अनेकदा गेले आहे.

घर कर्झनच्या आधीचं आहे, अठराव्या शतकातलं. अलाबास्टर या संगमरवरासारख्या दगडाच्या २० खांबांचा मार्बल हॉल बघितला की आपण थांबतोच. कोलकात्याचं राजभवन याच घराच्या नमुन्यावर १८०३ मध्ये पुरं झालं, म्हणजे कर्झन व्हाइसरॉय म्हणून राहायला गेला तो जणू आपल्याच घराच्या प्रतिकृतीत.

तळमजल्यावर त्याने आशियातून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. लेडी कर्झनचा मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही तिथलाच, १९०३ च्या दिल्ली दरबारातल्या नाचाच्या वेळी घातलेला. भरतकाम भारतीय कारागिरांचं, सोन्याचांदीची तार, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा. पाहुणे तिचं नाव घेतात, टाके घालणाऱ्या हातांबद्दल कुणी विचारत नाही. ज्याने घरात आजी-मावशीला जरीची साडी जपताना पाहिली आहे असं माणूस त्या कपाटाशेजारी उभं असायलाच हवं. म्हणून मला वाटतं तुम्ही जावं.

कौतुक करायची सक्ती नसते. ट्रस्टने स्वतःच २०२० मध्ये आपल्या घरांच्या वसाहतवादाशी आणि गुलामगिरीशी असलेल्या संबंधांवर अहवाल काढला. कुणी विचारलं तर सरळ सांगा: १९०४ चा प्राचीन स्मारकं जपण्याचा कायदा कर्झनच्याच कारकिर्दीतला, आणि १९०५ ची फाळणीही त्याचीच. त्या वर्षी बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून गोखल्यांनी त्याच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा दिली होती. नेमस्त गोखले एवढं बोलले यावरून लोकांना अंदाज येतो.

मोगरा:
दोघांचे मनापासून आभार. कीड मोजायचं काम ऐकूनच हात शिवशिवले. अर्जात तेच लिहिते. उन्हाळ्यात गर्दी कमी असेल त्या दिवशी खाली संग्रहालयात उभं राहायलाही तयार आहे असं कळवते.

उंबरठा:
थोडा वेगळा प्रश्न. आईबाबा पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर येणार आहेत. त्यांना असं काही करता येईल का? दिवसभर घरात कंटाळतात.

पांथस्थ:
व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा चालते, त्याहून जास्त नाही. रूम गाइडसाठी आधी प्रशिक्षण असतं, त्यामुळे थोड्या मुक्कामात ते जमणं कठीण. बागेत एखाद्या दिवसापुरते मदतनीस लागतात, तिथे विचारा. बाबांना बागकामाची आवड असेल तर माळ्यांशी त्यांचं चांगलं जमेल. येताना जाड तळाचे बूट मात्र आणायला सांगा.