उत्तर: संयुक्त उपासनेतली गाणी, मराठीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,
नाताळच्या संयुक्त उपासनेत चार भाषांत गायचं ठरतंय, एकेका भाषेला एकेक कडवं. आपल्या वाट्याला तिसरं आलंय. कोण कोण गाणार ते पटकन कळवा म्हणजे शब्द टाईप करून पाठवते.

---

ताई, माझं नाव घालाच, पण एक बोलू का, हे कडवं वाटून घ्यायचं प्रकरण मला काही पटत नाही. मागे एकदा असंच केलेलं, आपलं कडवं आलं की आपण सहाजण उभे आणि बाकी सगळे कागदात डोकं घालून आपलं कधी संपतंय बघत बसलेले. ती उपासना कसली, तो तर कार्यक्रम झाला.

शिवाय चाल इंग्रजी आणि शब्द मराठी म्हटलं की ओढाताण होतेच. त्यांच्या बऱ्याच चालींत ओळ हलक्या सुराने सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर. 'प्रभू' तिथे छान बसतो. पण 'येशू' घातलात की 'ये' गिळला जातो आणि 'शूऽऽ' लांबतं, मग ऐकणाऱ्याला कळतच नाही कुणाला हाक मारतायत :)

'सायलेंट नाईट' या नाताळगीताची गोष्ट वेगळी. मूळ जर्मन, 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फला गिटारवर पहिल्यांदा गायलं, आता तीनशेच्या वर भाषांत आहे. ते एकाच वेळी ज्याने त्याने आपापल्या भाषेत गावं, चाल संथ आहे, ओळी बरोबर एकत्र संपतात, मधला गलका चालतो.

बाकी गाण्यांसाठी फ्रान्समधल्या तेझे या ख्रिस्ती मठातले लोक करतात ते बघा. दोन ओळी, त्याच पुन्हा पुन्हा, तिसऱ्या वेळेला नवख्याला पण पाठ. भाषा बदलत राहते, बऱ्याचदा लॅटिन असते, ती आता कुणाचीच मायबोली नाही त्यामुळे मानपानाचा प्रश्नच मिटला. आणि आपल्याला यात नवीन काय आहे? भजनात हेच तर चालतं, एकाने कडवं म्हणायचं, ध्रुवपद सगळ्यांनी उचलायचं. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-भजनाच्या वळणाचीच गाणी लिहिली ना, आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात आहेतच की.

म्हणून म्हणतो, एका भजनाचं ध्रुवपद सगळ्या चर्चला मराठीत गायला लावू, कडवी आपण गाऊ. अर्थ मात्र खाली एका ओळीत प्रत्येक भाषेत छापा, बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलंय ना आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, नुसते आवाज काढून काय उपयोग.

---

दादा, पटलं, पण ऑर्गनवाल्यांना ठेका कोण समजावणार? मागच्या वेळी ते आपल्या पुढे निघून गेले होते. आणि रोमनमध्ये 'ळ' कसा लिहू? एल लिहिला की सगळे 'ल' म्हणतात.

---

ळ नसलेलं ध्रुवपदच निवडा :) ऑर्गनला त्या गाण्यापुरती सुट्टी, पेटी आणि तबला मी आणतो. आणि प्रॅक्टिसला बाकीच्या भाषांतले दोन-दोन जण तरी बोलवा, ते पुढच्या बाकांवर बसले की मागचे आपोआप उचलतात.