‘आई हवी, बहीण हवी…’ या घोषणेत मुलगी कुठे आहे?

पाटीपेन्सिल:
आमच्या शाळेत पुढच्या महिन्यात ‘लेक वाचवा’ या विषयावर भित्तिचित्रांची आणि घोषवाक्यांची स्पर्धा आहे व परीक्षणाचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या वर्षीची चित्रे काढून पाहिली, तर बहुतेकांवर ‘आई हवी, बहीण हवी, पत्नी हवी, मग मुलगी का नको?’ किंवा ‘मुलीच उरल्या नाहीत तर सून कुठून आणाल?’ अशाच ओळी होत्या. त्या वेळी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, “बाई, मला लग्नच करायचे नसेल तर?” मला उत्तर देता आले नाही. राज्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894. याच काळात गावोगावच्या भिंती अशा घोषणांनी रंगल्या. मग संदेशातच काही चुकते आहे का? परीक्षण करताना मी काय पाहावे?

कृष्णाकाठ:
बाई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आई, बहीण, पत्नी आणि सून ही चारही नाती कुणाची तरी आहेत. घोषणेतला ‘हवी’ म्हणणारा माणूस घरातला पुरुष आहे आणि मुलीची गरज त्याच्या सोयीवरून ठरते आहे. ज्या विचारामुळे मुलगी नकोशी होते, तोच विचार येथे तिला वाचवण्याचे कारण म्हणून पुढे येतो.

त्याहून अधिक त्रास मला ‘आई, मला मारू नकोस’ या चित्रांचा होतो. पोटातले बाळ हात जोडून आईला विनवते आहे, असे ते चित्र असते आणि पाहणाऱ्याच्या मनात गुन्हेगार म्हणून आईच उरते. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कलम 24 मध्ये मात्र, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, त्या स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असेच गृहीत धरले आहे. ज्या घरात सून स्वतःच्या औषधपाण्याचा निर्णयही घेऊ शकत नाही, त्या घराची वस्तुस्थिती कायद्याला समजली आणि आपल्या भिंतींना समजली नाही, याचे मला फार वाईट वाटते. तुमच्या स्पर्धेत असे चित्र आले, तर गुण कमी करून थांबू नका. त्या मुलांशी जरूर बोला.

सारंग:
वरील मुद्दे मला मान्य आहेत, परंतु जनगणनेतील घसरणीचा दोष घोषणांवर टाकणे योग्य वाटत नाही. या प्रश्नावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते आणि तो कायदा 1988 चा. तरीही 2001 ते 2011 या काळात बीड जिल्ह्यातील प्रमाण 894 वरून 807 वर आले. सोनोग्राफीची यंत्रे तालुक्याच्या गावी पोहोचली, पण तपासणी करणारी यंत्रणा त्या वेगाने पोहोचली नाही.

शिवाय एक जुनी मोहीमही येथे विचारात घ्यावी लागेल. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ हा संदेश लोकांनी खरोखर स्वीकारला. कुटुंब लहान झाले, पण त्या दोनांत एक तरी मुलगा हवा ही अट तशीच राहिली, त्यामुळे पहिली मुलगी झालेल्या घरात दुसऱ्या बाळंतपणावर सगळा भार आला. पूर्वी मुलाची वाट पाहत पाच बाळंतपणे होत असत. आता तेवढी सवड उरली नाही. एका मोहिमेच्या यशातून दुसरीचा प्रश्न अधिक अवघड होऊ शकतो, हे मोठ्या वर्गातील मुलांना समजावून सांगता येईल.

निर्मळवाट:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मला एका शब्दाविषयी सांगायचे आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या शब्दामुळे गर्भपात म्हणजेच हत्या, असा समज रुजला. प्रत्यक्षात 1971 च्या कायद्यानुसार आपल्याकडे ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे; गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा आणि लिंगावरून निवड करण्याचा. 2012 मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे एका रुग्णालयात बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपात होत असल्याचे प्रकरण उघड झाल्यावर राज्यभर तपासण्या सुरू झाल्या आणि त्यानंतर अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. त्याचा फटका कायदेशीर आणि सुरक्षित उपचार हवा असलेल्या स्त्रियांना बसला. म्हणून मुलांना ‘गर्भलिंगनिवड’ हा शब्द द्या. उच्चाराला जड असला तरी तो अचूक आहे. सुरी, रक्त, फास यांची चित्रेही टाळायला सांगा.

पाटीपेन्सिल:
सर्वांचे मनापासून आभार. आता परीक्षणात मी दोन गोष्टी पाहणार आहे: चित्रात दोष कुणावर ठेवला आहे आणि नाते न सांगता मुलीविषयी काही म्हटले आहे का. विषयाचे नावही मुख्याध्यापकांशी बोलून ‘माझ्या घरात मुलीचा वाटा’ असे सुचवले आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क आपल्या राज्याने 1994 मध्येच दिला, तरी सातबाऱ्यावर मुलीचे नाव आहे असे चित्र मी आजवर एकाही स्पर्धेत पाहिलेले नाही. यंदा ते कुणी काढते का, ते येथे येऊन कळवीन.