बीपी-शुगरचं अ‍ॅप पेशंटला द्यावं का?

कृष्णाकाठ: कराडजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. परवा औषध कंपनीचा एक प्रतिनिधी (एमआर) सँपलसोबत अ‍ॅपच्या क्यूआर कोडचा स्टिकरही टेबलाच्या काचेला चिकटवून गेला. गोळीची आठवण करतं, रीडिंगचा ग्राफ काढतं, 'क्लिनिकली प्रूव्हन' म्हणे. माझे निम्मे पेशंट साठीपुढचे, त्यांचा मोबाईल नातवाच्या हातात. फुकट आहे, देऊन टाकू का? की खरंच काही अभ्यास झालेत?

जुना स्टेथो: झालेत हो, ढिगाने. फक्त मोजलं काय ते आधी बघा. अमेरिकेत मेडिसेफ या गोळीची आठवण करणाऱ्या अ‍ॅपची चाचणी झाली, बीपीचे ४११ पेशंट, १२ आठवडे. निकाल २०१८चा. पेशंटनी स्वतः सांगितलेला गोळ्यांचा नियमितपणा किंचित वाढला. वरचं बीपी मात्र अ‍ॅप असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत सारखंच. एमआर तुम्हाला पहिलं वाक्य वाचून दाखवणार, दुसरं कशाला दाखवेल?

आपल्याकडचं बघायचं तर एमवेलकेअर नावाचा अभ्यास. हरियाणा आणि कर्नाटकातली ४० सामुदायिक आरोग्य केंद्रं, नर्सच्या हातात टॅब, डॉक्टरला उपचाराचा सल्ला, पेशंटला एसएमएस. वर्षभरानं बीपी आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) उतरलं, पण टॅब असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत, जवळपास सारखंच. टॅब नसलेल्या केंद्रांतल्या डॉक्टर-नर्सनाही प्रशिक्षण मिळालं होतं. माझ्या मते गुण त्याचा.

खडीसाखर: म्हणजे सगळंच पाण्यात? आणि तो चेन्नईच्या मंडळींचा एसएमएसवाला अभ्यास?

जुना स्टेथो: तो चांगलाच आहे. २०१३चा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३७ पुरुष. दोन वर्षांत मेसेज न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, मेसेजवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. पण ते ३५ ते ५५ वयाचे, कामावर जाणारे गडी. कृष्णाकाठ, तुमच्या आजीबाईंना तो निकाल लावू नका.

आणि कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं काही असेल तर सरळ नाही म्हणा. 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं असंच अ‍ॅप २०१६ मध्ये तपासलं, तर खरोखर वाढलेल्या बीपीपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त वेळा त्यानं ते वाढलेलं नाही असं दाखवलं.

कृष्णाकाठ: स्टिकर खरवडला, डिंक अजून निघत नाही. घरच्या डिजिटल मशीनचं रीडिंग वहीत लिहून आणा, असं सांगू ना?

जुना स्टेथो: सांगा, पण मशीनही एकदा घेऊन यायला सांगा. जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी उगाच जास्त येतं, आणि आपण गोळी वाढवून बसतो.